कॅप्टन, बसू का?

मालवाहू विमानाने पाहुणा म्हणून निघालेला वैमानिक कॉकपिटच्या दाराशी थांबतो, लायसन आणि ओळखपत्र पुढे करतो आणि विचारतो, "कॅप्टन, बसू का?" कंपनीच्या यादीत नाव असलं तरी हे विचारणं चुकत नाही. अमेरिकेत शेवटचा होकार कॅप्टनचाच असतो. जंपसीट म्हणजे कॉकपिटमधली जास्तीची, बहुधा घडीची खुर्ची. तिच्यावर बसण्याच्या शिष्टाचाराला शंभर वर्षांची वंशावळ आहे.

मे 1926 मध्ये वेस्टर्न एअर एक्स्प्रेसच्या टपाल विमानातून दोन जण सॉल्ट लेक सिटीहून लॉस एंजेलिसला गेले. बसले टपालाच्या पोत्यांवर. अंगात ओव्हरऑल, डोळ्यांना गॉगल, सोबत पॅराशूट. पोशाखाचा नियम तेव्हा वाऱ्याने आणि थंडीने ठरवला होता.

पुढच्या दशकात पॅन अ‍ॅमने आपल्या फ्लाइंग बोटींच्या वैमानिकांना नौदलाच्या धर्तीवर गडद निळा कोट आणि टोपी दिली. कोटाबरोबर जहाजाची शिस्तही आली: जहाज कप्तानाचं, पाहुणा त्याच्या मर्जीचा. जंपसीटवाल्याच्या इस्त्रीच्या शर्टाचं मूळ मला इथे दिसतं. यजमान गणवेशात असताना पाहुण्याने गबाळं येऊ नये, एवढाच त्यामागचा भाव.

गप्प बसण्याचा नियम मात्र अपघाताने शिकवला. 1974 मध्ये ईस्टर्न एअरलाइन्सचं विमान शार्लट इथे धुक्यात उतरताना कोसळलं. कॉकपिटमध्ये राजकारणाच्या आणि जुन्या गाड्यांच्या गप्पा चालल्या होत्या. सत्तरहून अधिक माणसं गेली. 1981 पासून दहा हजार फुटांखाली कामाशिवाय बोलायला बंदी आहे. पाहुण्यानेही तोवर तोंड मिटून बसायचं; दुसरं विमान जवळ येताना दिसलं, तर मात्र लगेच सांगायचं.

1973 मध्ये फेडरल एक्स्प्रेसने मेम्फिसहून रात्रीची पार्सल-वाहतूक सुरू केली. घर एका शहरात आणि नोकरी दुसऱ्यात, अशा वैमानिकांना मालवाहू विमानं फार सोयीची पडली. पाहुणा आपल्याच बिरादरीतला, म्हणून विश्वास सहज ठेवला जाई.

7 एप्रिल 1994 ला त्याच विश्वासावर घाला पडला. मेम्फिसहून सॅन होजेला निघालेल्या फेडेक्स 705 मध्ये कंपनीचाच फ्लाइट इंजिनिअर ऑबर्न कॅलोवे पाहुणा म्हणून चढला. गिटारच्या पेटीत हातोडे आणि मासे मारायची स्पिअरगन होती. दुसऱ्या दिवशी त्याची शिस्तभंगाची सुनावणी होती. त्याच्या हल्ल्यात विमान चालवणारे डेव्हिड सँडर्स, जेम्स टकर आणि अँड्र्यू पीटरसन यांची डोकी फुटली, तरी टकर यांनी डीसी-10 जवळजवळ उलटं करून हल्लेखोराचा तोल घालवला आणि रक्तबंबाळ तिघांनी विमान मेम्फिसला परत आणलं. त्या तिघांना पुन्हा कधी व्यावसायिक उड्डाण करता आलं नाही. हा प्रसंग वाचताना मला त्या पेटीची आठवण सर्वांत जास्त छळते: आपल्या माणसाची पेटी कोण उघडून बघतो?

2001 च्या सप्टेंबरमधल्या दहशतवादी हल्ल्यांनंतर दुसऱ्या कंपन्यांच्या वैमानिकांसाठी कॉकपिटचं दार बंद झालं. ते पुन्हा उघडलं ते संगणकावर फोटो आणि नोकरी पडताळण्याची व्यवस्था आल्यावर. तरीही कॅप्टनला विचारणं राहिलंच, आणि ते राहायलाच हवं. 1989 मध्ये युनायटेड 232 ची हायड्रॉलिक यंत्रणा निकामी झाली, तेव्हा प्रवासी म्हणून बसलेले प्रशिक्षक वैमानिक डेनिस फिच यांनीही आधी हवाई सेविकेकरवी निरोप पाठवला आणि बोलावणं आल्यावरच कॉकपिटमध्ये गेले. इंजिनांच्या थ्रॉटलवर त्यांनी विमान सावरायला मदत केली. 296 पैकी 184 जण वाचले.

टाय आता मागे पडत चालला आहे. त्याची मला खंत नाही. बंद बूट आणि लांब पँट मात्र सोडू नये. 747 मालवाहूच्या वरच्या मजल्यावर शिडीने चढावं लागतं आणि संकटात तिथून हार्नेस बांधून दोरीने उतरायची पाळी येऊ शकते. मालवाहू विमानात केबिन क्रू नसतो. म्हणून ऑक्सिजन मास्क कुठे आहे, दार कसं उघडतं, हे पाहुण्याने बसण्याआधीच विचारून घ्यायचं.