गावात छोटं कलाघर बांधायचंय? नकाशा काढण्याआधी हे बघा

गावोगावी समाजमंदिर असतं. पण बऱ्याच ठिकाणी ते बैठकीला आणि लसीकरणाला उघडतं, एरवी आत खताच्या गोण्या नाहीतर मांडवाचे बांबू. भजनी मंडळ देवळात बसतं, लेझमाची पोरं शाळेच्या पटांगणात. त्यामुळे नवं बांधकाम काढण्याआधी जुनं समाजमंदिर दुरुस्त करून भागतंय का, ते बघावं.

नवंच बांधायचं तर आधी जागा. ती कुणाच्या नावावर आहे याचा उतारा काढा आणि मगच ग्रामसभेत ठराव घ्या. बक्षीसपत्र न करता नुसत्या तोंडी शब्दावर दिलेल्या जागेवर पुढे वारसांचे वाद होतात. निधीसाठी ग्रामपंचायतीचा स्वनिधी, आमदार-खासदार निधी, ग्रामविकासचं 2515 हेड, हे नेहमीचे रस्ते.

आकार मोठा लागत नाही. 20 बाय 30 फुटांचा हॉल म्हणजे 600 चौरस फूट. सतरंजीवर बसलेल्या माणसाला साधारण सात-आठ चौरस फूट धरले, तर 75-80 जण आरामात मावतात. जत्रेच्या गर्दीसाठी हॉल वाढवू नका. स्टेज मागच्या भिंतीला ठेवा, त्या भिंतीला मोठा सरकता दरवाजा करा आणि पलीकडे अंगण सोडा. रोजचा सराव आत, मोठा कार्यक्रम बाहेर, स्टेज एकच. प्रेक्षक जमिनीवर बसणार असतील तर दोन-अडीच फूट उंची पुरते. अंगण पश्चिमेला नको, संध्याकाळी ऊन थेट कलाकाराच्या डोळ्यात जातं.

सगळ्यात जास्त घोळ छपरात होतो. स्वस्त म्हणून पत्रा टाकतात. मग मे महिन्यात आत बसवत नाही आणि पावसात पखवाज ऐकू येत नाही. मंगलोरी कौलं बरी. पत्राच टाकायचा तर खाली बांबूच्या तट्ट्यांचं छत करा. समोरासमोरच्या गुळगुळीत भिंती आवाज घुमवतात. एका बाजूला विटांची जाळी ठेवली तर घुमणं कमी होतं आणि वाराही खेळतो. केरळात काम केलेले वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी अशी जाळी खूप वापरली. फरशी शहाबादी घ्या, चकचकीत टाईल्सवर नाचणारं पोर घसरतं.

वाद्यांची खोली जमिनीपासून उंच आणि कोरडी हवी. ओल लागली की पखवाज-ढोलकीचं चामडं उतरतं, पेटीचे सूर अडकतात.

बायकांसाठी कडीची वेगळी खोली आणि पाण्याचं संडास-बाथरूम नकाशात पहिल्या दिवसापासून पाहिजे. "नंतर बघू" म्हटलं की ते होत नाही, आणि मग मुली सरावाला येणं बंद होतात. तसाच रॅम्प. जोतं दीड फूट असेल तर एकास बारा उतारानं 18 फूट लांबी लागते, तेवढी जागा आधीच सोडावी.

नावाचंही बघा. आपल्याकडे "कला केंद्र" म्हटलं की जामखेड, मोडनिंबची संगीत बारी आठवते. ती कला थोरच, पण गावच्या शाळकरी मुलांच्या जागेला कलाघर किंवा कलामंदिर म्हटलं तर गैरसमज होत नाही.

लाऊडस्पीकर रात्री दहाला बंद, हा नियम इथंही लागू. कमानीवर पैसे घालण्यापेक्षा इन्व्हर्टर आणि नीट अर्थिंग घ्या. राहिली किल्ली. ती एकाच पुढाऱ्याच्या घरी असली की त्याच्याशी भांडण झालेल्या वस्तीची मंडळी तिकडं फिरकत नाहीत. तीन किल्ल्या करा, एक ग्रामपंचायतीत, एक बचत गटाकडे, एक भजनी मंडळाकडे, आणि वाराप्रमाणे वेळापत्रक दारावर लावा. लाईट बिल कोण भरणार, तेही त्याच ठरावात लिहून घ्या.