शाकारणी ते पत्र्याची शेड
ठाणे, कल्याण, डोंबिवलीत स्लॅब आला आणि छपराची जुनी कारागिरी संपली, असे मानले जाते. मला ते पटत नाही. इथल्या जुन्या घरांवर कुंभाराच्या हातची नळीची कौले असत. ती वाऱ्याने, माकडांनी सरकत, म्हणून पावसाआधी शाकारणी ठरलेली: कौले उतरवायची, फुटकी बदलायची, कुजलेले वासे नि रिपा काढायच्या, पुन्हा सारे रचायचे. १८६५ मध्ये बासेल मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना काढला. त्या धर्तीची, एकमेकांत अडकणारी चपटी कौले पुढे कोकणपट्टीत रुळली, तरी उतार आणि डागडुजी सुटली नाही.

स्लॅबने उतार काढून टाकला. पाऊस मात्र तोच, वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक. म्हणून आजही मे महिन्यात सोसायट्या वॉटरप्रूफिंगच्या कंत्राटदाराला बोलावतात आणि अनेक गच्च्यांवर पत्र्याचे उतरते छप्पर चढते. शेड जागा बळकावण्यासाठीच असते, हा आक्षेप काही ठिकाणी खरा आहे. पण चारही बाजूंनी उघडी शेड खोली वाढवत नाही, पाणी वाहून नेते. कौले गळतीमुळे गेली, हेही अपुरे उत्तर. नीट शाकारलेले छप्पर कोरडे राही. त्यावर मजला मात्र चढत नसे, आणि रेल्वेने मुंबईला जोडलेल्या या गावांत जमिनीचे मोल मजल्यांवरच ठरू लागले होते.