आडातलं कासव

आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं म्हणतात. आमच्या आडात ते होतं, म्हणून अधूनमधून पोहऱ्यात यायचं. पहाटे पाणी शेंदताना पोहरा नेहमीपेक्षा जड लागला की आई तो काठाला टेकवून आधी आत डोकवायची आणि तसाच अलगद परत खाली सोडायची. मग चहा गाळता गाळता म्हणायची, ‘आज ते आलं होतं.’

ते म्हणजे कासव. त्याला नाव नव्हतं. माझ्या नातवाकडे काचेच्या पेटीत एक हिरवं कासव आहे, कानामागे लाल पट्टा असलेलं, त्याला नाव आहे, वाढदिवस आहे आणि उन्हाचा दिवाही आहे. ‘तुमच्याचं नाव काय होतं गं आजी?’ असं त्यानं विचारलं तेव्हा मला उत्तर सुचेना. आमच्या घरात गाईला नाव होतं, मांजराला होतं. कासव मात्र रहाटासारखं, पन्हळीसारखं. रहाटाला कोण नाव ठेवतं?

वाडा शनिवार पेठेत, नदीपासून हाकेच्या अंतरावर. अकरा बिऱ्हाडं, मागच्या चौकात आड, शेजारी प्राजक्त. पुण्यात तेव्हा पाण्याच्या तीन जाती होत्या म्हटलं तरी चालेल. एक नळाचं, खडकवासल्याहून येणारं. दुसरं कात्रजचं: अठराव्या शतकाच्या मध्यावर नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावातून जमिनीखालून नळ आणून शहरातले हौद भरले, त्याचं. त्या नळावर हवा खेळती राहावी म्हणून ठिकठिकाणी उच्छ्वास बांधलेले, आणि बदामी हौद, काळा हौद ही नावं तर अजून पत्त्यात आहेत. तिसरं पाणी ज्याच्या-त्याच्या आडाचं. माझी आजी देवपूजेला आणि सोवळ्यातल्या स्वयंपाकाला फक्त हे तिसरं वापरायची, कारण नळाच्या चावीत कातड्याचा वायसर असतो. कातड्याला लागलेलं पाणी देवाला कसं चालेल? त्याच आडात एक जिवंत प्राणी खातो, पितो आणि बाकीचंही सगळं करतो, त्याचं काय, असं तिला एकदा माझ्या काकांनी विचारून पाहिलं. ‘तो दुसरा अवतार आहे,’ एवढं म्हणून तिनं विषय संपवला.

विहिरीत कासव सोडायची चाल काही आमच्या वाड्यापुरती नव्हती. देशावर, कोकणात, ज्याच्या-त्याच्या आजोळच्या विहिरीत एखादं कासव असायचंच. कारण सगळीकडे एकच सांगत: ते पाणी राखतं. शेवाळ खातं, किडे खातं, पडलेला बेडूक मेला तर कुजू देत नाही. ‘पाळणं’ हा शब्द त्याला कोणी लावत नसे. कुत्रं पाळतात, पोपट पाळतात, कासव सोडतात. गवळ्याकडून दूध घ्यावं तसं नदीवरच्या भोयाकडून कासव घ्यायचं, हळद-कुंकू वाहायचं आणि सोडून द्यायचं. पुढे त्याचं खाणं-पिणं त्यानं बघायचं.

आता विचार केला तर ती जन्मठेप होती. आमच्याकडचं कासव मऊ पाठीचं, खाकी रंगाचं, पोटाखाली मागच्या पायांवर दोन झडपा असलेलं. पाय आत घेतले की झडपा मिटायच्या, कपाटाच्या दारासारख्या. शास्त्रीय नाव लिसेमिस पंक्टाटा. मुठेसारख्या संथ, चिखलाच्या नदीत, तळ्यात, भातखाचरात राहणारी ही जात. तिला ऊन खायला काठ लागतो, अंडी घालायला उकरता येईल अशी कोरडी माती लागते. आडाच्या उभ्या दगडी भिंतीत यातलं काहीच नाही. आणि पाणी राखण्याचं म्हणाल तर किडे खाल्ले, तरी स्वतःची घाण ते कुठे टाकणार? कासवाच्या अंगावर आणि विष्ठेत साल्मोनेला नावाचे पोट बिघडवणारे जंतू असू शकतात. अमेरिकेत नातवाच्या कासवाचीच जात पिलं असताना दुकानादुकानात विकत. मुलं आजारी पडायला लागली तेव्हा १९७५ साली तिथल्या सरकारनं चार इंचांहून लहान पाठीचं कासव विकायला बंदी घातली. आम्ही मात्र सगळे त्या आडाच्या पाण्यावर वाढलो. मला वाटतं, कासव पाणी स्वच्छ करत नव्हतं, पाणी जगण्याजोगं आहे एवढं कळवत होतं. आईचं ‘आज ते आलं होतं’ हे त्या अर्थानं प्रमाणपत्र होतं.

देवळातलं कासव मात्र कळायला सोपं. शंकराच्या देवळात नंदी आणि गाभारा यांच्यामध्ये फरशीत कोरलेलं असतं, त्यावर पाय पडू नये म्हणून आम्ही लंगडी घालत जायचो. जेजुरीला खंडोबासमोर पितळी पत्र्यानं मढवलेलं अवाढव्य कासव आहे, त्यावर लोक तळी भरतात, भंडारा उधळतात. इंद्रियं आवरून बसावं ते कासवासारखं, असं गीतेत आहे. आणि कासवी पिलांना दूध पाजत नाही, नुसत्या नजरेनं वाढवते, ही संतांची लाडकी कल्पना. आजी आम्हाला रागावून बघायला लागली की काका म्हणत, ‘कूर्मदृष्टी बरं का, वाढाल.’ खरी कासवी अंडी पुरते आणि निघून जाते, पुन्हा वळूनही बघत नाही. पण हे आजीला सांगायची आमची प्राज्ञा नव्हती.

ते कासव पहिल्यांदा नीट, दिवसाउजेडी पाहिलं ते पानशेतच्या पुरानंतर. १२ जुलै १९६१. मी सात वर्षांची. सकाळी पानशेतचं धरण फुटलं, दुपारी खडकवासल्याचं गेलं, आणि लकडी पूल पाण्याखाली गेला. आम्हाला त्याआधीच पर्वतीच्या बाजूला मावशीकडे पाठवलं होतं. चौथ्या दिवशी परत आलो तेव्हा वाड्याची मागची भिंत नव्हती आणि चौकात गुडघाभर चिखल होता, कोणाचं तरी शिवणयंत्र त्यात उभं. आड काठापर्यंत गाळानं भरलेला. नळ कोरडे, कारण धरणच गेलेलं. ज्या आडांना वाड्यातली तरुण मंडळी जुनाट म्हणत होती, ते उपसायला सगळ्या पेठेत एकदम माणसं मिळेनात.

आमचा आड उपसायला दोन माणसं आली. गाळाची घमेली वर येत होती आणि प्राजक्ताच्या बुंध्याशी ढीग वाढत होता. तिसऱ्या दिवशी दुपारी मी ढिगाजवळ होते आणि ढीग हलला. एक गोळा सुटा होऊन चालायला लागला. मी किंचाळले. आजी आली, तिनं तांब्यानं त्याच्यावर पाणी ओतलं, खाकी पाठ दिसली. ‘आहे गं बाई,’ ती म्हणाली आणि तिथंच ओल्या पायरीवर बसली. घरातल्या माणसांची मोजदाद झाली तेव्हाही ती बसली नव्हती. ही जात चिखलात स्वतःला गाडून घेऊन कित्येक आठवडे काढू शकते, हे मी फार पुढे वाचलं. तेव्हा आम्हाला तो कूर्मावतारच वाटला.

मग पालिकेची माणसं ब्लीचिंग पावडरची पिंपं घेऊन आली. आजी आडाच्या काठावर हात ठेवून उभी राहिली. ‘आधी त्याची सोय होऊ दे.’ तिला यात नवीन काही नव्हतं. ती नऊ वर्षांची सून होऊन या वाड्यात आली, त्या सुमाराला पटकीच्या साथीत आडात लाल औषध टाकलं होतं. आग्र्याचे जंतुशास्त्रज्ञ अर्नेस्ट हँकिन यांनी १८९०च्या दशकात विहिरींत पोटॅशियम परमँगनेट टाकायची पद्धत घालून दिली, तेच ते. तेव्हा तिच्या सासूनं कासव परातीत काढून ठेवलं होतं म्हणे. ‘हेच,’ आजी म्हणायची. तिच्या मते कासव एकच, तेव्हापासूनचं.

या वेळी परात वाहून गेलेली होती. म्हणून आंघोळीचं तांब्याचं घंगाळ. त्यात वीतभर पाणी, एक वीट, आणि अठरा दिवस आमच्या हाती कासव. माझ्या आयुष्यातलं कासव ‘पाळणं’ म्हणजे तेवढे अठरा दिवस. पाठीच्या डाव्या काठाला एक खाच होती, पोहऱ्याच्या कडेनं पडली असावी. मान बाहेर काढली की ती विश्वास बसणार नाही इतकी लांब, आणि नाक सोंडेसारखं टोकदार. आम्ही त्याला पोहे घातले, भात घातला, शेवाळ आणून दिलं. ते ढुंकून बघेना. आजी सांगे, ते वायुभक्षण करतं आणि एकादशी पाळतं. त्या अठरा दिवसांतच आषाढी आली. त्या सकाळी शेजारच्या बिऱ्हाडातल्या मुलानं ढिगातलं एक गांडूळ आणून घंगाळात टाकलं. मान सट्दिशी बाहेर आली आणि गांडूळ नाहीसं झालं. आजी मागे भगरीचं ताट घेऊन उभी होती. ती काही बोलली नाही. संध्याकाळी मला हळूच म्हणाली, ‘त्या मुलाला सांग, उद्या दोन आण.’

ब्लीचिंगचा वास गेल्यावर कासव पोहऱ्यात बसून खाली गेलं. घंगाळाच्या तळाला नखांचे ओरखडे उरले, आणि आंघोळ करताना ते पायाला लागायचे.

त्यानंतरचं सगळं भराभर झालं. नळ परत आले, आडावर फळ्या पडल्या. डासांसाठी पालिकेनं गप्पी मासे आणून सोडले. विहिरींतल्या डासांचं भय जुनंच, मुंबईत १९११ साली डॉ. चार्ल्स बेंटली यांनी हिवतापावरच्या अहवालात विहिरींवरच बोट ठेवलं होतं आणि पुढे तिथल्या कितीतरी विहिरी बंद झाल्या. आमच्या आडात मात्र गप्पी टिकेनात. का टिकेनात ते आम्हाला ठाऊक होतं, पण पालिकेच्या माणसाला कोणी सांगितलं नाही. १९७२ साली वन्यजीवांचा कायदा झाला. त्याच्या पहिल्या परिशिष्टात, वाघाच्या पंगतीला, आमची ही मऊ पाठीची जात आहे. घरात ठेवणं म्हणजे गुन्हा. नातवाचं कासव परदेशी म्हणून त्या यादीतून सुटलं, आणि कंटाळा आल्यावर लोक तसली कासवं तळ्यात सोडतात, तिथं ती देशी कासवांच्या जागा बळकावतात. डास मारायला घरोघरी कासवछाप उदबत्ती लागायला लागली तेव्हा काका म्हणाले, आडातल्याला बढती मिळाली. आजी ते ऐकायला नव्हती, ती १९७४ला गेली.

वाडा १९८६ साली पाडायला दिला. बिल्डरनं आड बुजवायच्या आधी पंप लावून उपसला, कारण आईनं तशी अटच घातली होती. आम्ही सगळे काठाशी उभे. तळ दिसायला लागला तसे तांबे दिसले, एक पितळी कळशी, माझा हरवलेला भोवरा, आणि माणूस खाली उतरून ओरडला, ‘किती आहेत म्हणाला होता?’

‘एक,’ भाऊ म्हणाला.

घमेल्यात तीन आली. सगळ्यात मोठ्याच्या डाव्या काठाला खाच होती. दुसरं त्याच्या निम्म्यानं, आणि तिसरं माझ्या तळहाताएवढं, फार तर दोन-तीन वर्षांचं. भावानं कायदा वाचलेला होता. तो घाबरून इकडेतिकडे बघायला लागला. मी मात्र हिशेब करत होते. आडात माती नाही, अंडी घालायला जागा नाही, म्हणजे हे आत जन्मलेलं नाही. कोणी तरी आणून सोडलं, आणि आजी जाऊन बारा वर्षं झालेली.

मी आईकडे पाहिलं. ती पदराला हात पुसत होती.

‘एकटं किती वर्षं राहणार ते?’ ती म्हणाली, आणि घंगाळ आणायला आत गेली.