रणभूमीकडे परतलेली पावले

नोव्हेंबरच्या २ तारखेला, सर्व मृत भाविकांच्या स्मरणदिनी, नागपूर-कामठी परिसरातील आपली कुटुंबे दफनभूमीत जातात. कबरी धुतल्या जातात, फुले वाहिली जातात, मेणबत्त्या लागतात. कामठीस मात्र आपल्या आप्तांच्या कबरींखेरीज आणखी काही जुन्या कबरी आहेत. त्यांवरील अक्षरे झिजली आहेत आणि तेथे मेणबत्ती लावणारे कोणी उरलेले नाही. त्या छावणीतल्या सैनिकांच्या कबरी आहेत.

१८१७ च्या नोव्हेंबरात सीताबर्डीच्या टेकडीवर भोसल्यांची आणि कंपनी सरकारची फौज एकमेकींना भिडली. त्यानंतर १८२१ मध्ये कन्हान नदीच्या काठी कामठीची छावणी वसली. तिच्या पलटणींत आयरिश कॅथलिक शिपाई होते आणि त्यांच्यासाठी धर्मगुरू येथे येऊ लागले. पुढे १८८७ मध्ये नागपूर धर्मप्रांत स्थापन झाला. या भागातील आपल्या ख्रिस्तसभेचे एक मूळ असे छावणीत रुजलेले आहे. म्हणून सैनिकाचे दुःख हा आपल्या दृष्टीने परक्या घरचा विषय नव्हे.

सैनिकाच्या शरीराची जखम इस्पितळात बरी होते. परंतु जो सोबती शेजारी पडला आणि ज्याला मूठभर माती देण्याइतकाही अवसर मिळाला नाही, त्याची आठवण निवृत्तीनंतर, हात रिकामे झाल्यावर, अधिकच जागी होते. कित्येक वृद्ध सैनिकांना अखेरच्या वर्षांत एकच ओढ लागते, ती म्हणजे ‘ती जागा’ पुन्हा एकदा पाहण्याची. घरच्यांना या हट्टाचा अर्थ कळत नाही. जेथे इतके भोगले, तेथे पुन्हा का जावे?

कामठी हे आज ‘ब्रिगेड ऑफ द गार्ड्स’ या रेजिमेंटचे केंद्र आहे. याच रेजिमेंटच्या १४ व्या पलटणीत लान्स नायक अल्बर्ट एक्का होते. झारखंडच्या गुमला भागातील जारी गावचे ख्रिस्ती उराव आदिवासी. ३ डिसेंबर १९७१ च्या रात्री आगरतळ्याजवळ, सीमेपलीकडील गंगासागर येथे पलटणीने चढाई केली. एक्का यांनी शत्रूची एक मशीनगन संगिनीने बंद पाडली. जखमी अवस्थेत ते सरपटत पुढे गेले, एका इमारतीतून आग ओकणारी दुसरी मशीनगनही त्यांनी निकामी केली आणि तेथेच त्यांना वीरमरण आले. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. त्या युद्धात पूर्व आघाडीवरील हा एकमेव परमवीरचक्राचा मान होता.

त्यांचा देह त्रिपुराच्या भूमीतच विसावला. घरच्यांना कबर दिसली नाही. चार दशकांहून अधिक काळ लोटल्यावर, २०१५ च्या डिसेंबरात, कबरीची म्हणून माती गावी आणण्यात आली, तेव्हा ती तिथलीच कशावरून, असा प्रश्न घरच्यांनी केला. पुढे ते स्वतः त्रिपुरात जाऊन आले. या प्रश्नात आम्हांला मोठा अर्थ दिसतो. सन्मानाने कलश घरी पोहोचला तरी शोकाला स्वतःच्या पायांनी तेथवर चालत जावेच लागते.

१९७१ चे आपले माजी सैनिक बांगलादेशाच्या निमंत्रणावरून अनेक वर्षे डिसेंबरात तेथे जात आले आहेत. ज्यांना मुक्त केले, तेच यजमान म्हणून पुढे येतात. परंतु जो हरला आणि आक्रमक म्हणून आला होता, त्याने कोणत्या तोंडाने परतावे? या प्रश्नाचे उत्तर कोहिमात सापडते.

१९४४ च्या मार्च महिन्यात जपानी सैन्य मणिपुरात घुसले. २० ते २६ मार्च या काळात सांगशाक येथे पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची चौथी पलटण इतर पलटणींसह त्यांना अडवून उभी राहिली. आपल्या मराठी मुलखातील तरुणांच्या रक्ताने मिळालेल्या त्या थोड्या दिवसांत कोहिमाच्या बचावाला तयारीची संधी लाभली. कोहिमाची लढाई ४ एप्रिलपासून २२ जूनपर्यंत चालली. अन्न संपले तेव्हा जपानी सेनापती सातो यांनी वरिष्ठांचा हुकूम मोडून माघार घेतली. परतीच्या वाटेवर भुकेने आणि रोगाने असंख्य जपानी सैनिक मेले. कोहिमाच्या युद्धस्मशानभूमीत राष्ट्रकुलाच्या १,४२० सैनिकांच्या कबरी आहेत आणि ज्यांचे दहन झाले अशा ९१७ हिंदू व शीख सैनिकांची नावे स्मारकावर कोरलेली आहेत. जपानी मृतांपैकी बहुतेकांच्या वाट्याला मात्र ना कबर आली, ना नाव.

त्याच लढाईतले पुरवठा अधिकारी मासाओ हिराकुबो पुढे लंडनमध्ये राहिले आणि त्यांनी उतारवय ब्रिटिश व जपानी माजी सैनिकांना एकमेकांच्या भेटीस आणण्यात घालवले. २००८ मध्ये ते निवर्तले. कोहिमातील आराडुरा टेकडीवर ख्रिस्ती जनांची साहाय्यकर्ती मरिया हिच्या नावाचे कॅथेड्रल बिशप अब्राहम अलंगिमट्टत्तिल यांच्या कारकिर्दीत उभे राहिले. त्याचा दर्शनी भाग नागा घराच्या धाटणीचा आहे आणि आत सुमारे १६ फुटांचा लाकडी क्रूस आहे. या मंदिराच्या उभारणीस मृत जपानी सैनिकांच्या आप्तांनी आर्थिक हातभार लावला. आपल्या माणसांसाठी तेथे प्रार्थना व्हावी, एवढीच त्यांची इच्छा होती. ज्या नागा लोकांची गावे त्या युद्धात बेचिराख झाली, त्यांच्याच लेकरांनी त्या प्रार्थनेला आपल्या मंदिरात जागा दिली.

परतल्याने प्रत्येकाचे मन निवते असे आमचे म्हणणे नाही. काहींची जखम तेथे पुन्हा भळभळली असेल. आणि आक्रमण हे आक्रमणच होते. क्षमेच्या नावाखाली इतिहास पुसता येत नाही. परंतु घरी बसून वृद्ध सैनिक एकटाच शोक करतो, तर रणभूमीवर त्याला समोरच्या बाजूचा, तितकाच वाकलेला माणूस भेटतो. तोही आपल्या कोणाला तरी शोधीत आलेला असतो.

शत्रूंसाठी प्रार्थना करा, हे प्रभूचे वचन आपण लहानपणापासून ऐकतो. ते किती कठीण आहे, हे सैनिकाइतके कोणाला ठाऊक असणार? आपल्या धर्मग्रामातील एखादे आजोबा युद्धाविषयी बोलू लागले, तर त्यांना मध्येच थांबवू नये. ‘ती जागा’ पाहण्याची इच्छा त्यांनी व्यक्त केली, तर मुलानातवंडांनी सोबत जावे. आणि येत्या २ नोव्हेंबरला कामठीच्या दफनभूमीत, आपल्या कबरींवरची फुले वाहून झाल्यावर, त्या अक्षरे झिजलेल्या कबरींपाशीही एक मेणबत्ती लावावी. तेथे कोण निजला आहे, त्याने कोणाच्या बाजूने बंदूक उचलली होती, हे विचारण्याची आता आवश्यकता नाही.