उपकारस्तुती कुणाची?

'उपकार' या शब्दाला आपल्या वाड्यात वास हाय. शिळ्या भाकरीचा. आपला आजा-पणजा येसकराची काठी घेऊन दारोदार 'जोहार मायबाप' करायचा. बलुतं हक्काचं, पण पदरात पडायचं ते पाटलाचा उपकार म्हणून. त्यामुळं ख्रिस्ती लोकांचा 'उपकारस्तुती' हा शब्द कानावर आला की आपली पोरं दात काढतात. धान्यासाठी बाटलेले, म्हणतात. मला हे हसणं पटत नाही. आधी इतिहास बघा.

आजचा सांगली जिल्हा 1949 पर्यंत नव्हताच. काही मुलूख साताऱ्यात, काही संस्थानांत. माण, खटाव, आटपाडी, जत या भागाला पाऊस चुकवूनच जातो. 1876 ते 78 दुष्काळ. 1896-97 ला पुन्हा दुष्काळ, वर प्लेग. लगेच 1899-1900. 1877 मध्ये सरकारनं दुष्काळी कामावरची मजुरी कापली : दिवसाला एक पौंड धान्य, म्हणजे अर्धा किलोही नाही, आणि वर किरकोळ पैसे. उपाशी लोकांनी काम सोडून दिलं. सरकारचा उपकार मानला नाही, हे ध्यानात ठेवा.

खटाव तालुक्यात गोरेगावला दुष्काळी तलावाचं काम निघालं, तिथं रामजीबाबा रोखपाल होते. भिमाई 1896 लाच साताऱ्यात गेलेली. 1901 साली पोरं बापाला भेटायला साताऱ्याहून निघाली, मसूर स्टेशनावर उतरली. जात कळली. दुप्पट भाडं देऊन बैलगाडी मिळाली, तीही स्वतः हाकायची. डब्यात जेवण होतं, पण रात्रभर कुणी पाणी दिलं नाही. त्या पोरांत भीमराव होता.

अशा मुलखात 1894 साली डॉ. विल्यम वानलेस यांनी मिरजेत मिशनचा दवाखाना काढला. जात विचारून तिथलं दार लागत नव्हतं. ज्याला गावचा वैद्य लांबून पुडी फेकायचा, त्याची नाडी कुणीतरी हातात धरली. त्या माणसानं देवाचे आभार मानले तर त्यात लाचारी कुठं आली? उलट पहिल्यांदाच त्याचे आभार पाटलाला चुकवून वर गेले.

पौलाच्या पत्रात सांगितलंय, कसलीही वेळ आली तरी देवाचे आभार माना. हे मला खटकायचं. आमच्या रिंग खात्यात मिरजेकडची एक मावशी आहे. नवरा वारल्यावर महिन्याभरानं तिनं घरात उपकारस्तुतीची प्रार्थना ठेवली. मी विचारलं, "मावशी, आभार कशाचे?" ती म्हणाली, "इतकी वर्सं दिला त्याचे. मेल्याचे न्हाईत. आन् कापल्याल्या पगाराचेबी न्हाईत!"

घोळ झाला तो दुसरीकडं. देवाचे आभार आणि मिशनचे आभार एकात मिसळले. साहेबाचा बंगला, साहेबाची शाळा, साहेबाची चिठ्ठी... नवा मायबाप. ना. वा. टिळकांनी 1917 ला मिशनची नोकरी सोडून साताऱ्यात 'देवाचा दरबार' मांडला, त्याचं मोल मला म्हणूनच वाटतं. (टिळक ब्राह्मण, शिवाय कवी, म्हणून पाठ्यपुस्तकात आले. बाप्तिस्मा घेतलेले महार-मांग चर्चच्या वहीतच राहिले.)

1938 च्या सुरुवातीला सोलापुरात ख्रिस्ती लोकांपुढं बाबासाहेबांनी नेमकं यावर बोट ठेवलं : समाज म्हणून तुम्ही अन्यायाविरुद्ध लढला नाहीत. कडू बोलले, पण खरं बोलले. देवापुढं हात जोडता येतात, म्हणून सरकारपुढं मूठ वळायची नाही असं थोडंच आहे?

1950 च्या राष्ट्रपतींच्या हुकमानं अनुसूचित जात फक्त हिंदूंपुरती ठेवली. 1956 ला शीख आत आले. आपण बौद्ध झालो त्याच साली, आणि केंद्राच्या यादीत यायला 1990 उजाडलं. चौतीस वर्षं! ख्रिस्ती झालेले आपलेच भाऊबंद अजून बाहेर आहेत. 2004 पासून सुप्रीम कोर्टात तारखा पडतायत. त्यांना हसणाऱ्या पोरांनी हे चौतीस आकडे बोटावर मोजावेत, मग त्यांच्या मोर्चाला किती जण येणार ते सांगावं.