पोटरीचा हट्ट

दोन वर्षांपूर्वी मुलुंडच्या आमच्या जिममध्ये एका मुलाने मला लॉकरपाशी गाठलं. आवाज खाली आणून म्हणाला, "पोटऱ्यांचं काही करायचंय का? तेल मारायचं. महिन्यात साईज."

मी लगेच नाही म्हटलं नाही, हे आधीच सांगून टाकतो.

चार वर्षं जिम करून माझी छाती आली होती, खांदे आले होते, दंड शर्टात मावत नव्हते. पोटऱ्या मात्र होत्या तिथेच. घेर चौतीस सेंटीमीटर. मित्र मला 'बगळा' म्हणायचे. मुंबईच्या उकाड्यात मी फुल पँट घालून लेग डे करायचो. जिमच्या भाषेत अशा भागाला हट्टी स्नायू म्हणतात. सगळं शरीर ऐकतं, हा एकटा ऐकत नाही.

'तेल मारणं' म्हणजे स्नायूत इंजेक्शनने तेल भरणं. त्याने स्नायू वाढत नाही, फक्त फुगतो. मला ते माहीत होतं. तरी दोन दिवस मी पैशांचा हिशेब करत बसलो होतो.

तिसऱ्या दिवशी रविवार होता. घाटकोपरला भटवाडीत आईबाबांकडे गेलो. बाबा लुंगीवर बसले होते आणि माझी नजर त्यांच्या पायांवर गेली. तीच पोटरी. गुडघ्याखाली वर छोटासा गोळा आणि पुढे टाचेपर्यंत लांबच लांब शीर. बाबा तरुणपणी मंडळाच्या व्यायामशाळेत रोज पाचशे बैठका मारायचे. मी विचारलं, "तुमच्या पोटऱ्या कधी भरल्या नाहीत, त्याचं वाईट नाही वाटलं?"

बाबांना प्रश्नच कळला नाही. म्हणाले, "पोटऱ्या कोण बघतं? किती मारल्यास, एवढंच विचारायचे."

त्या उत्तराने मी वाचायला लागलो. स्नायू नक्की कधीपासून हट्टी झाला?

बाबांची व्यायामशाळा ज्या परंपरेतली, ती तालमीची. जोर, बैठका, मल्लखांब, कुस्ती. मल्लखांबाला दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी नवं रूप दिलं, तेही कुस्तीची तयारी म्हणूनच. पैलवानाचा कस लागायचा तो समोरच्याला पाडताना. शरीर एकसंध होतं आणि व्यायाम आकड्यात मोजला जायचा. किती जोर, किती बैठका.

मग आला युजेन सँडो. १८६७ साली प्रशियात जन्मलेला हा माणूस आधी जत्रेतल्या पैलवानांसारखी ताकदीची कामं करून दाखवायचा. पण लोक वजनापेक्षा त्याचं अंगच निरखून बघतात हे त्याच्या लक्षात आलं. तो नुसता उभा राहून एकेक स्नायू दाखवायला लागला. त्याचे फोटो विकले गेले, पुस्तकं निघाली. १८९७ च्या त्याच्या पुस्तकात हलक्या डंबेल्सचे व्यायाम होते, स्नायूंचा तक्ता होता आणि अंगाची मापं लिहून ठेवायची पद्धत होती. १४ सप्टेंबर १९०१ रोजी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये त्याने शरीरसौष्ठवाची मोठी स्पर्धा भरवली. परीक्षकांत शेरलॉक होम्सचा लेखक आर्थर कॉनन डॉयलही होता. इथे कुणी कुणाला पाडायचं नव्हतं. फक्त उभं राहायचं होतं, आणि तेही सगळीकडून प्रमाणात.

माझ्या पोटरीची गोची इथून सुरू होते. शरीराचा तक्ता झाला, की एखादा रकाना कोरा दिसणारच.

१९०४-०५ मध्ये सँडो हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आला. पण त्याचं वेड त्याच्याआधीच महाराष्ट्रात पोचलं होतं. पुढे औंधचे राजे झालेले बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी १८९७ मध्येच सँडोची उपकरणं आणि पुस्तकं मागवली आणि सुमारे दहा वर्षं नेमाने त्याच पद्धतीने व्यायाम केला. नंतर ते सूर्यनमस्काराकडे वळले आणि त्याचे एवढे मोठे प्रचारक झाले, की संस्थानातल्या शाळांमध्ये मुलं सूर्यनमस्कार घालू लागली. सूर्यनमस्कारात एकट्या पोटरीचा असा दिवस नसतो. अख्खं अंग एका लयीत फिरतं आणि पुन्हा मोजायचं ते किती घातले एवढंच.

पण सँडोचा तक्ताही राहिलाच. १९५१ मध्ये कोलकात्याचे मनोतोष रॉय आणि १९५२ मध्ये मनोहर आईच लंडनच्या मिस्टर युनिव्हर्स स्पर्धेत आपापल्या गटात जिंकले. पुढे आपल्याकडेही 'मुंबई श्री', 'महाराष्ट्र श्री', 'भारत श्री' अशा किताबांसाठी पोरं रक्त आटवू लागली. १९५१ च्याच लंडनच्या स्पर्धेचा एकूण विजेता होता रेग पार्क. त्याला आदर्श मानणारा एक ऑस्ट्रियन मुलगा फोटो काढताना पोटऱ्या पाण्यात लपवायचा, कारण त्या त्याला लाजिरवाण्या वाटायच्या. तो अर्नोल्ड श्वार्झनेगर. पार्कबरोबर दक्षिण आफ्रिकेत व्यायाम करताना पार्क पोटऱ्यांवर किती प्रचंड वजन घेतो हे त्याने पाहिलं. मग अर्नोल्डने पँटी गुडघ्याखाली कापून टाकल्या. सगळ्यांना दिसू दे म्हणून. हे वाचून मी माझ्या फुल पँटीकडे बघितलं.

आता थोडं शरीरशास्त्र. पोटरीत मुख्य स्नायू दोन. वरचा गॅस्ट्रोक्नेमियस आणि त्याच्याखालचा सोलियस. सोलियस बहुतांशी दमायला वेळ लावणाऱ्या तंतूंचा बनलेला असतो, कारण उभं राहणं आणि चालणं हेच त्याचं रोजचं काम. घाटकोपर स्टेशनचा पूल आणि भटवाडीचा चढ ज्याने लहानपणापासून चढलाय, त्या पोटरीला जिममधले हलके वीस रेप्स कसले जाणवणार? शिवाय स्नायूचा गोळा किती लांब आणि शीर किती लांब, हे जन्मतःच ठरतं. माझं बाबांनीच ठरवलं होतं.

तरी करण्यासारखं बरंच असतं. २०२३ मध्ये जपानी संशोधकांनी चौदा जणांकडून बारा आठवडे एका पायाने उभ्याने आणि दुसऱ्याने बसून काफ रेज करून घेतले. उभ्याने केलेल्या पायात गॅस्ट्रोक्नेमियसचा बाहेरचा भाग सुमारे १२ टक्के आणि आतला ९ टक्के वाढला. बसून केलेल्या पायात दोन्ही २ टक्क्यांच्याही आत. सोलियस दोन्हीकडे जवळपास सारखाच, थोडासा वाढला. कारण सोपं आहे. गॅस्ट्रोक्नेमियस गुडघ्याच्याही वरून सुरू होतो. गुडघा वाकला की तो सैल पडतो. मी चार वर्षं बसायच्या मशीनवर, लेग डेच्या अगदी शेवटी, घाईघाईत सेट उरकत होतो. बाबांच्या बैठकांतही टाच उचलली जायची ती गुडघा वाकलेला असतानाच. स्नायू बिचारा हट्टी नव्हताच. त्याला कुणी नीट काम सांगितलं नव्हतं.

तेलवाल्या मुलाला मी नाही म्हटलं. तेलाने जंतुसंसर्ग होतो, स्नायू आतून कडक होतो, तेल रक्तात शिरलं तर जीवावर बेततं. पण खरं सांगायचं तर मला थांबवलं ते बाबांच्या न कळलेल्या प्रश्नाने. त्यांच्या पायांत खोट आहे असं त्यांना एकदाही वाटलं नव्हतं. तेच पाय मी तेल भरून लपवायला निघालो होतो.

आता आठवड्यातून दोनदा पोटऱ्या सगळ्यात आधी. उभ्याने, गुडघा सरळ, जड वजन, टाच पूर्ण खाली, तिथे क्षणभर थांबायचं, मग वर. आठ महिन्यांत दीड सेंटीमीटर वाढलं. बगळा अजून बगळाच आहे, पण शॉर्ट्स घालतो.

रविवारी भटवाडीला गेलो की जिन्याच्या शेवटच्या पायरीवर चवडे टेकवून, कठड्याला धरून वाकतो. भाचा पाठीवर बसतो. बाबा खुर्ची टाकून मोजतात. परवा मी टेप आणायला उठलो, तर म्हणाले, "बस खाली. तेवीस झालेत, आधी तीस पूर्ण कर."