प्रसूतिपश्चात परिचर्या

प्रसूतिपश्चात परिचर्या म्हणजे वार पडल्यापासून सुमारे ६ आठवड्यांपर्यंत बाळंतिणीची केली जाणारी शारीरिक व मानसिक शुश्रूषा होय. या कालावधीला सूतिकावस्था असे म्हणतात. मराठी कुटुंबांत पाळला जाणारा बाळंतिणीचा 'सव्वा महिना' साधारण याच मुदतीचा असतो.

पहिले २४ तास

प्रसूतीनंतरचा अतिरक्तस्राव हे जगभरातील मातामृत्यूंचे एक प्रमुख कारण असून तो बहुधा पहिल्या २४ तासांत उद्भवतो. गर्भाशय पुरेसे आकुंचन न पावणे हे त्याचे सर्वांत नेहमीचे कारण होय. त्यामुळे या काळात परिचारिका नाडी, रक्तदाब व तापमान पाहते, ओटीपोटावर हात ठेवून गर्भाशय घट्ट आहे की सैल हे तपासते आणि पॅडवरील रक्ताचे प्रमाण प्रत्यक्ष पाहते. प्रसूतीनंतर ६ तासांच्या आत लघवी झाल्याची नोंद करणेही आवश्यक मानले जाते.

ही तपासणी व आपुलकीची वागणूक या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. गजबजलेल्या कक्षात पडदा नसेल, तर संकोचाने बाळंतीण भांडे मागत नाही. भरलेले मूत्राशय गर्भाशयाला वर ढकलते, त्याचे आकुंचन अडते आणि रक्तस्राव वाढतो. प्रसूतीच्या वेळी ओरडा खाल्लेली स्त्री नंतर दुखणे अंगावर काढते. टाक्यांपाशी रक्त साकळले असता होणारी तीव्र वेदना 'टाके दुखायचेच' म्हणून दुर्लक्षिली जाऊ शकते. तीव्र डोकेदुखी व अंधुक दिसणे ही प्रसूतीनंतरही उद्भवू शकणाऱ्या उच्च रक्तदाबाच्या विकाराची लक्षणे असू शकतात. मात्र ती स्त्रीने सांगितल्याशिवाय कळत नाहीत.

मानसिक आधार

प्रसूतीनंतर दोन-तीन दिवसांनी विनाकारण रडू येणे सामान्य असून ते बहुधा दोन आठवड्यांत ओसरते. त्याहून अधिक काळ टिकणारे औदासीन्य हा उपचार आवश्यक असलेला आजार असतो. तो ओळखण्यासाठी १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेली १० प्रश्नांची एडिनबरा प्रश्नावली वापरतात.

मृत बालक जन्मल्यास मातेची खाट शक्यतो स्तनपान करणाऱ्या मातांपासून दूर ठेवली जाते. बाळ नसले तरी काही दिवसांत तिलाही दूध येते. याची कल्पना तिला आधी देणे हे परिचारिकेचे काम असते, आणि बहुधा सर्वांत अवघड.

भारतातील व्यवस्था

२०११ मध्ये सुरू झालेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार सरकारी रुग्णालयात साध्या प्रसूतीनंतर ३ दिवस व शस्त्रक्रियेनंतर ७ दिवसांपर्यंत मोफत आहार मिळतो. रुग्णालयातील प्रसूतीनंतर आशा कार्यकर्ती ३, ७, १४, २१, २८ व ४२ व्या दिवशी घरी भेट देते. या गृहभेटींच्या कल्पनेमागे डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गडचिरोली जिल्ह्यात केलेले नवजात बालकांच्या घरगुती काळजीचे काम आहे. २०१७ मधील 'लक्ष्य' उपक्रमाने प्रसूतिकक्षातील सन्मानपूर्वक वागणूक, खाजगीपणा व सोबतीण यांना गुणवत्तेच्या निकषांत स्थान दिले.

पारंपरिक पद्धती

महाराष्ट्रात पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत आहे. तेलाचे मालीश, शेक, डिंकाचे व अळिवाचे लाडू या गोष्टींमुळे बाळंतिणीला विश्रांती व पोषण मिळते. मात्र तिला पाणी कमी देणे किंवा शेगडी पेटवून खोली बंद ठेवणे अपायकारक ठरते. परिचारिकेने सरसकट निषेध करण्याऐवजी लाडवांचे कौतुक करून पाण्याचा आग्रह धरला, तर घरातील ज्येष्ठ स्त्रिया तो सहसा मानतात.